गाडी घरी ठेवतो, पण आधी फुटपाथ मोकळा करून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आपल्या नाशिकचा इंदिरानगर बोगदा नाहीतर द्वारका नाहीतर मुंबई नाका, यातलं काहीतरी आठवड्यातून एकदा असतंच, गाड्यांच्या रांगांचा फोटो आणि खाली वाहनचालक त्रस्त. त्यावर वाचकांची पत्रं येतात आणि बहुतेकांची मागणी ठरलेली, बोगदा रुंद करा, उड्डाणपूल बांधा, पार्किंगला जागा द्या. त्या मागण्या चूक आहेत असं माझं म्हणणं नाही, पण त्या रांगेत उभे असलेले लोक निघालेत कुठे आणि कशाला हे कोणी विचारतच नाही. संध्याकाळी सहा-सातला आमच्याकडे जी गर्दी होते ती काय सगळी अंबड-सातपूरहून कंपनी सुटून येणाऱ्यांची नसते, त्यात दळण टाकायला निघालेले असतात, मेडिकलमधून गोळ्या आणायला, मुलीला क्लासला सोडायला, कोथिंबिरीची जुडी राहिली म्हणून परत निघालेले, आणि यातलं जवळजवळ प्रत्येक काम घरापासून एक-दीड किलोमीटरच्या आत असतं.

एक किलोमीटर चालायला साध्या चालीने बारा ते पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्याच अंतराला कार काढायची म्हणजे आधी पार्किंगमधून मागे-पुढे करून काढा, वॉचमनला समोरची टू-व्हीलर सरकवायला सांगा, मग सिग्नल, मग दुकानासमोर जागा नाही म्हणून पुढच्या गल्लीत लावा आणि तिथून परत चालत मागे या. वेळ जवळपास तेवढाच जातो, वर डोक्याला ताप वेगळा. घरात गाडी आहे म्हणजे ती प्रत्येक कामाला काढलीच पाहिजे असं आपण कधी आणि का ठरवलं हे मला खरंच कळत नाही, कारण हेच नाशिककर पूर्वी रविवार कारंजावरून होळकर पुलावरून पंचवटीत भाजीच्या पिशव्या घेऊन चालत जायचे, आणि बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, आजही कितीतरी बायका चालतच जातात येतात.

मी इंदिरानगरात राहते. किराणा, मेडिकल, बँक, टेलर, गिरणी सगळं पायी करता येतं आणि मी ते पायीच करते. आता लगेच कोणी म्हणेल दळण कसं नेणार, दहा किलोचा डबा डोक्यावर घेऊन का. तर दहा किलो एकदम न्यायचंच नाही. पाच किलो गहू जाड कापडी पिशवीत घालायचे, गिरणीत टाकायचे, नंबर लागेपर्यंत भाजी घ्यायची आणि परत येताना पीठ उचलायचं. नुकतं दळलेलं पीठ गरम असतं, चालताना पिशवी पायाला लागली की कापडातून ती ऊब कळते आणि थंडीत तर बरं वाटतं. शिवाय पीठ थोडं थोडं आणलं की ताजं राहतं, पावसाळ्यात पोरकिडे होत नाहीत. ज्याला पाच किलोही जड होतं त्याने चाकांची बाजारपिशवी घ्यावी, मेन रोडच्या बाजारात चांगली मिळते, पण तिची अडचण वेगळीच आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

गाडीच्या दृष्टीनेही ही छोटी छोटी धाव वाईटच. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त जातं, आणि धूर स्वच्छ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणजे गिरणीपर्यंतच्या त्या एक किलोमीटरात गाडी आपला सगळ्यात घाणेरडा धूर सोडून मोकळी होते आणि तोही आपल्याच कॉलनीत, जिथे संध्याकाळी मुलं खेळत असतात. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद करायचं, परत चालू करायचं, यात आत जमलेलं पाणी उडून जात नाही आणि ऑइल लवकर खराब होतं. मेकॅनिक लोक सांगतातच ना की गाडी अधूनमधून लांब चालवत जा म्हणून.

पैशाचा हिशोबही सरळ सांगते, उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पेट्रोल शंभराच्या वर आहे, टू-व्हीलर लिटरला पंचेचाळीस देत असेल तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पडतात. शहरात बारा-तेराचं ॲव्हरेज देणारी कार असेल तर आठ रुपये. महापालिकेची शहर बस, सिटीलिंक, २०२१ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्याचं तिकीट १० रुपये होतं. म्हणजे चालत गेलात तर फुकट, एकटे कारने जात असाल तर बस स्वस्त, पण स्कूटरवाल्याला नुसत्या पेट्रोलच्या हिशोबात बस महागच वाटणार, आणि चौघांचं कुटुंब निघालं तर कारही स्वस्त पडणार. गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर हे सगळं धरलं तर चित्र बदलतं, पण घरातून निघताना ते कोण धरतं? म्हणून तिकीट कमी असणं याला फार महत्त्व आहे. मुंबईत जुलै २०१९ मध्ये बेस्टने पहिल्या टप्प्याचं तिकीट ५ रुपये केलं आणि प्रवासी भराभर वाढले, पुढे मे २०२५ मध्ये ते १० झालं ती गोष्ट वेगळी. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून ठक्कर बाजारच्या एसटी स्टँडवर जाऊन बघा गाड्यांना किती गर्दी असते ते. माणसं बसने जायला तयार असतात, त्यांना परवडलं पाहिजे आणि गाडी मिळाली पाहिजे.

मेन रोडला जायचं असलं की मी तर बसशिवाय दुसरा विचारच करत नाही. सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार, तांबट लेन, इथे तुम्ही कार घेऊन जाऊन करणार काय? कुठेतरी शालिमारच्या आसपास जागा शोधत दोन चकरा मारायच्या, पे अँड पार्क भरलेलं असलं तर अजून लांब लावायची आणि मग चालायचंच आहे. बस तुम्हाला सीबीएसला, म्हणजे जुन्या मध्यवर्ती बस स्टँडला, नाहीतर शालिमारला सोडते, तिथून मेन रोड पायाखालीच आहे. आल्यावर गाडी उचलून नेली का याचं टेन्शन नाही, पाठीमागे कोणी हॉर्न मारत नाही, हातात पिशव्या असल्या तरी बसायला जागा मिळते निदान दुपारच्या वेळी तरी. आणि खिडकीत बसून गाव बघायला मिळतं ते वेगळंच, हे माझं वैयक्तिक सुख झालं, पण मला ते महत्त्वाचं वाटतं.

आता बसवाले विरुद्ध गाडीवाले असं काही नाहीये हे समजून घ्यायला हवं. नाशिकची शहर बस आधी एसटी महामंडळ चालवायचं, ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली, बसेस सीएनजीच्या आणि थोड्या डिझेलच्या. ती चालते कशी तर बस ठेकेदाराची, त्याला महापालिका किलोमीटरप्रमाणे पैसे देते आणि तिकिटाचे पैसे महापालिकेच्या परिवहन महामंडळाकडे जमा होतात. म्हणजे बस भरून धावली काय आणि रिकामी धावली काय, त्या फेरीचा खर्च तेवढाच. आपण बसमध्ये बसलो तर खर्च एका रुपयाने वाढत नाही, तोटा मात्र तेवढा कमी होतो, आणि तो तोटा शेवटी आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीतून भरायचा असतो. म्हणजे जो कधी बसमध्ये पाय ठेवत नाही तोसुद्धा बसचे पैसे भरतोच आहे. मग वापरा ना.

यावर लोक म्हणतात बस वेळेवर येत नाही. खरंय, नेहमी येत नाही. पण ती कुठे अडकलेली असते? द्वारकेला, आपल्याच गाड्यांच्या मागे. चाळीस माणसं घेऊन येणारी बस एकेका माणसाला घेऊन चाललेल्या गाड्यांच्या रांगेत उभी राहते, मग ती उशिरा येते, मग लोक कंटाळून गाडी घेतात, मग रांग अजून वाढते. हे चक्र कुठेतरी तोडावं लागेल आणि बसला नुसतं दोष देऊन ते तुटणार नाही. ॲपवर बस कुठपर्यंत आली ते बघून निघालं तर उन्हात उभं राहावं लागत नाही, ज्येष्ठांना मुलांनी नाहीतर नातवंडांनी ते शिकवून द्यावं. दुसरी गोष्ट संपाची. पगार थकले म्हणून कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं असं गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा झालंय, बातम्या तुमच्याच पेपरात वाचल्यात. सकाळी स्टॉपवर आल्यावर कळतं की आज बसच नाही, तेव्हा कॉलेजची मुलं आणि घरकामाला जाणाऱ्या बायका अडकतात. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला त्या दिवशी काहीच फरक पडत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच हा विषय तापत नाही. चालक-वाहकांचा पगार वेळेवर झालाच पाहिजे, ठेकेदाराचा आणि महापालिकेचा काय वाद असेल तो त्यांनी आपापसात मिटवावा.

आणि मेट्रोची वाट बघत बसू नका कोणी. निओ मेट्रोसाठी २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये २,०९२ कोटी जाहीर झाले होते, टायरवर चालणारी मेट्रो येणार म्हणून केवढा आनंद झाला होता आपल्याला. बस आज आहे, डेपो आहेत, रूट आहेत, ड्रायव्हर आहेत. त्या आहेत त्याच वाढवा.

पण संपादक साहेब, माझं खरं म्हणणं पुढे आहे. बसने जाणारा प्रत्येक माणूस आधी चालतो. घरापासून स्टॉपपर्यंत आणि उतरल्यावर दुकानापर्यंत. तो दोन-तीनशे मीटरचा रस्ता जर चालण्यासारखा नसेल तर नव्या बसेस आणा, एसी आणा, इलेक्ट्रिक आणा, माणूस घरातून निघणारच नाही, तो स्कूटरला किक मारणार. शहरात बसवर चर्चा होते ती बसच्या संख्येवर आणि तोट्यावर, फुटपाथवर होतच नाही.

आमच्या घरापासून स्टॉपपर्यंतचा रस्ता सांगते, कुठलंही नाव घेत नाही कारण असाच रस्ता तुमच्याही घराजवळ असणार. कोपऱ्यावर फुटपाथ सुरू होतो तोच गुडघ्याच्या खाली येईल एवढा उंच, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला हात धरून चढवावं लागतं आणि ती चाकांची बाजारपिशवी असेल तर ती उचलूनच वर घ्यायची. चढलं की दहा पावलांवर विजेची डीपी, तिचं दार अर्धवट उघडं, वायरी बाहेर, त्यामुळे खाली उतरायचं. परत चढायचं, तर एका बंगल्याचा गाडी आत घ्यायचा उतार फुटपाथ कापून थेट रस्त्यापर्यंत आलेला आणि पावसात त्याच्यावर शेवाळ. मग ओळीने लावलेल्या टू-व्हीलर, एखादी तर नेमकी आडवी. मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बोर्ड, त्याचे बांबू फुटपाथमध्ये रोवलेले. पेव्हर ब्लॉक खचलेत, त्यातला एक असा डुगडुगतो की पावसाळ्यात त्याच्यावर पाय पडला की खालचं गढूळ पाणी साडीवर उडतं, आता सगळ्यांना तो ब्लॉक पाठ झालाय. शेवटी सगळे काय करतात तर रस्त्याच्या कडेने चालतात आणि मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न खातात. फुटपाथवरचे भाजीवाले, फुलवाले यांना लगेच उठवा असं मी म्हणणार नाही, त्यांच्याचकडून आम्ही भाजी घेतो आणि ते असले की संध्याकाळी बायकांना त्या रस्त्याने जायला भीती वाटत नाही. त्यांना आखून जागा द्या आणि चालायची पट्टी मोकळी ठेवा. पण गाडी लावायला फुटपाथ नाहीये, हे तर स्पष्ट आहे ना?

यासाठी नियम नाहीत असंही नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ पासून आहेत, त्यात राहत्या भागात फुटपाथची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर आणि उंची जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर सांगितलेली आहे. १५ सेंटीमीटर म्हणजे अर्धा फूट, घरातल्या जिन्याच्या पायरीएवढं. आपल्याकडचे किती फुटपाथ त्यात बसतील ते कोणीही पट्टी घेऊन मोजावं. आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अडथळा नसलेल्या फुटपाथवरून चालता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याचा हक्क, एवढ्या वजनाचा शब्द कोर्टाने वापरलाय. तो उगाच वापरलेला नाही, केंद्र सरकारच्याच अहवालात २०२२ या एका वर्षात देशात रस्ता अपघातात ३२,८२५ पायी चालणारी माणसं गेल्याची नोंद आहे. ती काही रस्त्याच्या मधोमध फिरायला गेली नव्हती, बहुतेक कोणीतरी दूध आणायला, कोणी शाळेत, कोणी कामावर निघालेलं असणार.

रस्ता ओलांडण्याचंही तसंच. द्वारकेला पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला आणि तो वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिला. लोक आळशी आहेत, शिस्त नाही असं त्यावर म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. पिशव्या घेतलेली बाई, गुडघे दुखणारे आजोबा, रात्री एकटी घरी जाणारी मुलगी, यांना जिना उतरून अंधारात जा आणि परत चढून ये असं सांगायचं आणि गाडीवाला मात्र एसीत बसून सरळ जाणार, हे उलटं झालं. ज्याला त्रास कमी होतो त्याने थोडं थांबावं. माणसांना रस्त्याच्या पातळीवरच, झेब्रावरून, सिग्नलवर पुरेसा वेळ देऊन ओलांडू द्या. आपल्याकडचे कितीतरी सिग्नल असे आहेत की चारही बाजूंच्या गाड्यांना आळीपाळीने हिरवा मिळतो आणि पायी जाणाऱ्याला कधीच मिळत नाही, त्याने आपलं मधूनच पळायचं.

असं नाही की आपल्याला जमतच नाही. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड झाला, काम चालू असताना सगळ्यांनी शिव्या दिल्या, मीही वैतागले होते, पण आज त्या रस्त्याने मेहेर सिग्नलवरून सीबीएसपर्यंत चालत जाऊन बघा आणि मग तिथून मेन रोडकडे वळा, फरक पायालाच कळतो. पण एवढ्या थाटाचा रस्ता सगळीकडे कशाला हवा? आहे तो फुटपाथ सपाट, सलग आणि मोकळा केला तरी भागेल. डीपी दोन फूट मागे घ्या, उतार फुटपाथच्या पातळीत करा, डुगडुगते ब्लॉक बसवा, दिवे लावा. एका उड्डाणपुलाच्या पैशात असे कितीतरी किलोमीटर होतील.

सावलीचंही बोललं पाहिजे. नाशिकची हवा चालायला चांगली आहे, निदान आठ-नऊ महिने तरी, पण एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी बाराला कोणालाही चालत जा म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हा झाड लागतं. उंटवाडीचा म्हसोबा महाराजांचा वड उड्डाणपुलात जाणार असं कळलं तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले होते आणि बरं झालं उतरले. रस्ता रुंद करायचा म्हणून कडेचं झाड तोडतात तेव्हा गाडीवाल्याचे काही सेकंद वाचतात आणि चालणाऱ्याचं डोक्यावरचं छप्पर कायमचं जातं. स्टॉपवर शेड नसेल तर निदान एक कडुनिंब लावा, पाच-सात वर्षांत शेड तयार होते.

अजून एक गोष्ट मला मनापासून खटकते. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला नाहीतर गोल्फ क्लबला सकाळी बघा, बाहेर गाड्यांची रांग असते. लोक कारने चालायला येतात, चार-पाच फेऱ्या मारतात आणि कारने दूध घेऊन घरी जातात. त्यांच्यावर टीका करत नाही, चालतायत हे चांगलंच आहे, डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला दीडशे मिनिटं तरी व्यायाम करा म्हणते. पण तीच दीडशे मिनिटं गिरणी, बँक, भाजी यात सहज निघतात, वेगळा वेळ काढावा लागत नाही. हे लोक ट्रॅकवर का जातात याचं उत्तर परत तेच आहे, घराबाहेर चालायला जागा नाही. त्यांच्या कॉलनीतला फुटपाथ धड असता तर ते घरापासूनच चालले असते.

शाळांसमोरही हेच चाललंय. गंगापूर रोड, कॉलेज रोडला शाळा सुटायच्या वेळी गाड्या तीन रांगांत उभ्या असतात, आणि आई-वडील म्हणतात गाड्या एवढ्या असतात म्हणून आम्ही मुलांना चालत पाठवत नाही. त्यांची भीती खरी आहे. चौथी-पाचवीच्या मुलाला अर्धा किलोमीटर एकटं पाठवता येईल असा रस्ता ज्या गावात नाही त्या गावाने मेट्रोच्या गप्पा मारू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता सिंहस्थ. २०२७ ला लाखो लोक येणार आणि ते रामकुंडापर्यंत येणार ते पायीच. २०१५ ला बघितलंय आपण, पर्वणीच्या दिवशी खाजगी गाड्या शहराबाहेरच्या पार्किंगला अडवल्या होत्या, तिथून बस आणि मग पायी, म्हाताऱ्या बायका डोक्यावर बोचकं घेऊन चालत होत्या. गर्दीला चालायला पुरेशी जागा असणं म्हणजे काय हे नाशिकला वेगळं सांगायला नको, २७ ऑगस्ट २००३ ला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, त्या दिवशी गावात असलेला कोणीच ते विसरला नसेल. आत्ता रिंग रोड, पूल, रुंदीकरण यासाठी पैसा येतोय. त्याच पैशात शहरातले फुटपाथ करून घ्या, म्हणजे आलेला भाविकही नीट चालेल आणि तो गेल्यावर आम्हालाही पुढची बारा वर्षं ते वापरता येतील. बॅरिकेड काढून नेतात, फुटपाथ राहतो.

वाचकांना माझी विनंती मोठी नाही. गाडी विकू नका, पाठदुखी असेल, घरात आजारी माणूस असेल, रात्री-अपरात्री जायचं असेल, पाहुण्यांना नाशिकरोड स्टेशनवरून आणायचं असेल तर गाडी काढाच. पण रोजच्या कामांतलं एक काम निवडा, घरापासून सगळ्यात जवळचं, आणि ते चालत करा. मेन रोडची खरेदी बसने करून बघा. रस्त्याने जास्त माणसं चालायला लागली की दुकानदारही दारासमोरच्या गाड्या हटवतात, कारण चालणारा माणूस दुकानात शिरतो, गाडीवाला पुढे निघून जातो. आणि चालताना जे अडेल त्याचा फोटो काढून महापालिकेकडे तक्रार टाका. एकट्या माझी तक्रार कोणी मनावर घेत नाही, एकाच डीपीबद्दल पन्नास तक्रारी गेल्या तर घ्यावी लागेल.

तुम्हालाही एक विनंती आहे, संपादक साहेब. बोगद्यातल्या रांगेचा फोटो आता पुरे झाला. तुमच्या एखाद्या वार्ताहराला प्रत्येक प्रभागात एका बस स्टॉपपासून जवळच्या बाजारापर्यंत चालायला पाठवा, हातात मोजपट्टी द्या, कुठे किती उंची, कुठे किती वेळा खाली उतरावं लागलं, कुठे दिवा नाही ते लिहून आणू द्या, आणि ते प्रभागाचं नाव घालून छापा. इंदिरानगरात येणार असतील तर मी बरोबर चालायला तयार आहे. फक्त सकाळी नका पाठवू, सकाळी फुटपाथ जरा बरा दिसतो, संध्याकाळी सहा ते आठच्या मध्ये पाठवा.

आपली,
एक नियमित वाचक
इंदिरानगर, नाशिक